बिनब्लेडच्या दवाखान्यातला चष्मा

रुबीना बाळापूरची. बी.ए. झाल्यावर अकोल्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. काम बोलण्याचं. चष्मा घालवायला आलेल्यांना समोर बसवायचं आणि ऑपरेशन समजावून सांगायचं. ब्लेड लागत नाही, टाका पडत नाही. डोळ्यात सुन्न करणारे थेंब टाकतात, एक लेझर बुबुळावरचा पापुद्रा मोकळा करतो, दुसरा नंबर घालवतो. हे ती इतकं गोड सांगे, की ऐकणाऱ्याची निम्मी भीती खुर्चीतच जाई. अडचण एवढीच, की सांगणारीच्या नाकावर उणे नऊचा चष्मा होता.

तिचं ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी हौसेनं तिचे डोळे मशीनवर मोजले होते, तर बुबुळावरचा पडदा पातळ निघाला. लेन्स घातली की डोळे लाल होत. तिनं मुकाट्यानं चष्मा परत चढवला.

ती वर्षं नापिकीची. सोयाबीन हातचं गेलेलं, कापसाला भाव नाही. शेतकऱ्याचं पोरगं पोलीस भरतीच्या मागे आणि पोरगी उजवायची, अन् दोन्हीकडे चष्मा आडवा येई. शिवारं ओस पडत होती आणि दवाखान्याच्या बाकांवर जागा मिळत नव्हती. त्यातला दर तिसरा माणूस रुबीनाकडे पाहून विचारी, "मंग तुमचा काहून नाही काढला?"

शेवटी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बसताना चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवत जा, लोकांचा भरवसा उडतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. नोकरी हवी होती. रुबीनानं चष्मा काढला आणि समोरची माणसं धुक्यात गेली. पहिल्याच दिवशी तिनं दहा मिनिटं खपून एकाला ऑपरेशन समजावलं. तो औषध कंपनीचा माणूस निघाला. आठवड्याभरात तिला आवाजावरून माणसं ओळखता येऊ लागली. घरी आई रजियाबी रोज तिचं डोकं दाबून देई.

एका सोमवारी मूर्तिजापूरकडचे खुशालराव मुलीला घेऊन आले. पौर्णिमाचं लग्न ठरलं होतं. पोराकडच्यांची एकच अट होती, चष्मा नको. रुबीना सवयीनं सांगू लागली. मध्येच तपासणीचा कागद वाचायला तिनं तो नाकाजवळ नेला. खुशालरावांना त्यात काही वाटलं नाही. पण पौर्णिमाचा जन्म त्याच खोडीत गेला होता.

"ताई, तुमालेबी नंबर हाये नं?" ती हळूच म्हणाली.

रुबीनानं ड्रॉवर उघडून चष्मा डोळ्यांवर चढवला. आत्ता कुठं तिला बापलेक दिसले.

"हाये. उणे नऊ," ती म्हणाली. "माया बुबुळावरचा पडदा पातळ हाये. लेझर मारला तर डोळा बिघडन, म्हनून डॉक्टरसाहेबांनीच मले नाही म्हनलं. हिचाबी आधी मोजू. पातळ निघाला तं मीच तुमाले घरी पाठवीन, मंग सोयरीक राहो का मोडो."

खुशालरावांनी टोपी सारखी केली आणि मुलीला म्हणाले, "चाल, मोजून घे." आजवर त्यांना सगळ्यांनी माल विकलाच होता, नको घेऊ म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

पडदा जाड निघाला, ऑपरेशन झालं, लग्नही लागलं. खुशालरावांनी मात्र लग्नात जावयापेक्षा रुबीनाचंच कौतुक जास्त सांगितलं. महिन्याभरात आसपासच्या गावची माणसं दवाखान्यात येऊन "ते चष्म्यावाली बाई कुठं बसते?" असं विचारू लागली. रुबीनाचं न ऐकता कोणी सही करेना. पातळ पडद्याच्या चारपाच जणांना तिनं परत पाठवलं, तर त्यांनी आणखी दहा धाडले.

हे पाहून डॉक्टरांनी तिच्या मदतीला इमरान नावाचा दुसरा माणूस घेतला. त्याची नजर अशी, की बाकावरून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचावी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्याला जाड फ्रेमचा, बिननंबरचा चष्मा आणून दिला आणि टेबलावर बसताना तो काढायचा नाही अशी ताकीद दिली.

इमराननं तो नाकावर चढवला आणि रुबीनाला विचारलं, सवय व्हायला किती दिवस लागतात. तिनं सांगितलं, की तिला चौथीपासून लागतोय, अजून कानामागे दुखतं. मग तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.