मगरूर म्हणाल्या पारबताकाकू

पारबताकाकू नवा माणूस दिसला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्या उर्मटपणाला नाव देऊन मोकळ्या होत. आदिलाबादकडच्या, तामसीजवळच्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. कापसाचं वावर आणि दारातली म्हैस त्या एकट्याच सांभाळत. मंडल ऑफिसातला तेलुगू साहेब खुर्चीवरून उठत नाही म्हणून तो त्याच्याच भाषेत ‘पोगरू’, म्हणजे माजोरी. सुट्टे पैसे नसले की खेकसणारा कंडक्टर ‘अकडू’.

आगाऊ आणि चाभरा यांत फरक काय, असं मी एकदा विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "आगाऊ न इचारता बोलते. चाभरा मोठ्यायच्या मंदी तोंड घालते. अन् हेकोडा, त्याले इचारलं तरी उलटंच सांगते."

मला वाटलं, आता समजलं. दुसऱ्याच दिवशी त्या शेजारच्या तान्ह्या बाळाचे मुके घेत त्याला ‘माया चाभरा’ म्हणत होत्या. त्या शिवी देताहेत की लाड करताहेत, हे मला कधीच नीट कळलं नाही.

माझं बी.एड. झालं आणि मामांनी पांढरकवड्याकडचं एक स्थळ आणलं. पाहुणे आले तेव्हा काकू उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. मुलाचा बाप मोठा बोलका. चहा काढ्यासारखा झालाय म्हणाला, आमच्या घराचे पत्रे किती जुने ते विचारलं, मला चालून दाखवायला लावलं. मुलगा मात्र खाली मान घालून होता. जाताना त्याने सगळ्यांना, काकूंनासुद्धा, वाकून नमस्कार केला.

ते गेल्यावर आम्ही काकूंकडे पाहिलं. बापासाठी त्या ठेवणीतला शब्द काढणार, याची खात्री होती. त्या म्हणाल्या, "बाप बह्याड हाये बिचारा, येडाखुळा. पोरगा मगरूर हाये. मान वर करून कोनाकडं पायलं नाई त्यानं."

आई चिडली. इतक्या नम्र मुलाला मगरूर? पण काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मामांना चौकात गाठून त्यांनी तेच ऐकवलं, आणि मामांकडून ते पांढरकवड्याला पोचलं. स्थळ मोडलं. आईने काकूंशी बोलणं सोडलं. मी मात्र ताक आणायला जात राहिले. रागावावं तर कशावरून, हेच ठरत नव्हतं. त्या मुलाबद्दल मी घरात एक अक्षर बोलले नव्हते.

पुढे माझं लग्न आदिलाबादला झालं. नवरा चांगला आहे, एक मुलगी आहे, शाळेतली नोकरीही आहे. गेल्या वर्षी आदिलाबादच्या बसस्थानकावर तो मुलगा भेटला. एका म्हाताऱ्याला गाडीत बसवून, त्याची पिशवी वर चढवून देत होता. मीच त्याला ओळखलं आणि ओळख दिली. त्याने शाळेची, घरची चौकशी केली आणि म्हणाला, "त्या दिवशी बाबांच्या बोलण्याची इतकी लाज वाटत होती, की मान वर करवली नाही."

पुढच्या रविवारी मी गावी गेले. काकू आता खाटेला लागल्या होत्या. मी त्यांना ते सगळं सांगितलं.

"तो मगरूर हाये का नाई, मले काय माईत," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याकडं नाई, तुयाकडं पाहून राह्यली होती. पोरगी तोंड उघडून नाई राह्यली. मले वाटलं, तुले तो नको हाये अन् मोठ्यायपुढं बोलता येऊन नाई राह्यलं. म्हनून मी नाव ठेवलं त्याले."

त्या दिवशी मी गप्प होते, कारण तो मला आवडला होता.

काकूंनी माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "बरं केलं ना मी?"

डोळ्यांसमोर नवरा आला, मुलगी आली, आणि पिशवी वर चढवणारा तोही आला.

"हो काकू," मी म्हटलं.

कापूस फुटायच्या आधीच काकू गेल्या. मी त्यांच्याशी खोटं बोलले की खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.