आजोबांना आंघोळ कुणी घातली

मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या शवागारात कामाला होती. बहिणीच्या घरी मात्र ‘ती दवाखान्यात असते’ यापुढे विषय जात नसे. मुलीसमोर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही बहिणीची ताकीद. भाचीचा लळा होता, म्हणून मावशीने ती मुकाट्याने पाळली होती.

मग दोघी बहिणींचे वडील मावशीच्याच रुग्णालयात वारले. मुलीला सांगण्यात आलं, आजोबा झोपलेत, आता उठणार नाहीत. झालं. पोरीने झोपेचाच धसका घेतला. डोळा लागला की दचकून उठायची, आईलाही डुलकी घेऊ द्यायची नाही. जेवण सुटलं, डोळे तारवटले. शेवटी बहिणीने मावशीला बोलावून घेतलं आणि दारातच म्हणाली, “सांग तुला काय सांगायचं ते. माझी अक्कल संपली.”

मावशीने भाचीला ओट्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकली. आजोबा झोपले नाहीत, मेले, असं सरळ सांगितलं. पोरीचा हात तिच्याच छातीवर ठेवून म्हणाली, हे झोपेत थांबत नाही, आजोबांचं थांबलं. मग प्रश्नांची झुंबड उडाली. मेलेल्यांना भूक लागते का, चिमटा काढलेला कळतो का, नखं वाढतात का. मावशी एकेकाचं उत्तर देत गेली. नखं वाढत नाहीत, भोवतीची कातडी आक्रसते म्हणून लांब दिसतात. माणूस पुढे कुठे जातो ते आपल्याला ठाऊक नाही, हेही तिने सांगून टाकलं. बहीण पाठमोरी उभी राहून तेच ते पातेलं घासत होती.

“आजोबांना आंघोळ कुणी घातली?”

“मी. वळवायच्या आधी सांगितलं, बाबा, कूस बदलते हं.”

“त्यांना ऐकू येत होतं?”

“नाही. पण मी सगळ्यांनाच सांगते. न सांगता कुणाला हलवायचं नाही.”

“एवढे जड आजोबा, एकटीने? बाबांना तर सोफासुद्धा हलत नाही.”

मावशीला हसू आवरेना. बोलता बोलता पोर तिच्या खांद्यावर कलंडली आणि गाढ झोपली.

बहिणीने नळ बंद केला. वडिलांचं सगळं हिनेच केलं, हे तिला आज कळत होतं. पदराला हात पुसत ती जवळ आली. मग हलकेच विचारलं, “दाढी?”

“केली. हनुवटीच्या खळीतले केस त्यांचे नेहमी राहायचे ना?” मावशी ताठ बसली. “एकही राहू दिला नाही.”