कमरेच्या दोन फिती

माझा नवरा सिंगापूरला, तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर आहे. त्याच्या कंपनीचा फॅमिली डे असतो बेडोकच्या बाजूला एका मोठ्या मैदानावर, आणि तिथे मी दरवर्षी जायचे ते केवळ सासूबाईंसाठी. सासऱ्यांच्या माघारी त्या आमच्याकडे बिशानला राहायला आल्या. सावलीत खुर्ची टाकायची आणि येणारीजाणारी माणसं बघायची, यापरतं सुख त्यांना दुसरं नाही. मी स्वतः एका बँकेत हिशेबाच्या कामात. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. धावणं म्हणाल तर एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, दार मिटायच्या आत गाठण्यापुरतं.

त्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाने बायकांचा सामना ठेवला होता. माणूस साठीला टेकलेला, दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल एवढा, आणि गुडघ्यांनी पार हात टेकलेले, म्हणून बोटीसारखा डुलत चालायचा. तरुणपणी तो त्यांच्याकडचा फुटबॉल खेळायचा. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात तो. त्यात एकमेकांना आडवं पाडतात. फॅमिली डेला कुणाचे दात पडायला नकोत म्हणून त्याने त्याचा सौम्य अवतार आणला होता. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन बाजूंना दोन फिती. चेंडू घेऊन पळणारीची फीत कुणी ओढून काढली की तिची धाव तिथेच संपली. पाडापाडी नाही, धक्काबुक्की नाही.

एका संघात एक बाई कमी पडत होती. तो अमेरिकन खुर्च्यांच्या रांगेपुढून विचारत फिरत होता. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्याला काय हवंय ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी माझ्या पाठीला हात लावून मला चक्क पुढे ढकललं.

"आई, अहो, मला यातलं काही येत नाही."

"पळायला काय यायचंय त्यात? सांगलीला खो-खोत गाजलेली पोरगी म्हणून तर तुला पसंत केली आम्ही. ऊठ."

मी चाट पडले. लग्न ठरताना माझं एम.कॉम. बघितलं असेल अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

अमेरिकनाने पट्टा बांधून दिला आणि समजावलं, "ही मुलगी चेंडू तुझ्या पोटाशी देईल. तू तो कवटाळायचा आणि त्या रेषेपलीकडे जायचं."

"आणि मधे माणसं आली तर?"

"येणारच. तोच खेळ आहे."

चेंडू पोटाशी आला, समोरून बायका अंगावर आल्या, आणि पुढचं माझ्या पायांनीच ठरवलं. खो-खोत आठ जणी ओळीने बसतात आणि त्यांच्यामधून नागमोडी पळत पाठलाग चुकवायचा असतो. खांदे एकीकडे, पाय दुसरीकडे. तशीच हूल देत मी एकीला चुकवलं, मग दुसरीला. तिसरी तर माझ्या हुलीने स्वतःच खाली बसली. रेषा ओलांडली तरी मी थांबेना. खो-खोत बाद होईपर्यंत पळायचं असतं! मी थेट सरबताच्या टेबलापाशी जाऊन थांबले. मागे वळून बघते तर सासूबाई खुर्चीवर नव्हत्या, खुर्चीच्या पुढे उभ्या होत्या.

अमेरिकन डुलत डुलत आला. "हे कुठे शिकलीस?"

मी खो-खोबद्दल सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "आणि यात चेंडू कुठे असतो?"

"चेंडू नसतोच."

"हं," तो म्हणाला. "ते दिसेलच लवकर."

तो रविवारी सकाळी बायकांच्या एका संघाला शिकवायचा. संघ इथल्या हौशी लीगमध्ये खेळायचा. त्याने बोलावलं, आणि मी नाही म्हणायच्या आत नवरा हो म्हणाला. घरी मुलीने, ती तेव्हा चौदा वर्षांची, कपाळाला हात लावला आणि इथल्या इंग्रजीत शेवटी लावतात तो 'लाह' लावून म्हणाली, "आई, यू कॅन नॉट लाह. माझ्या फ्रेंड्सना सांगू नकोस प्लीज." मी सांगणार नाही असं कबूल केलं.

मला जागा मिळाली रनिंग बॅकची. चेंडू फेकणारी मागे उभी असते, तिच्या हातून चेंडू घ्यायचा आणि गर्दीतून वाट काढत पळायचं, हे रनिंग बॅकचं काम. आमची फेकणारी शाळेत पीटी शिकवणारी चिनी मुलगी होती, माझ्या खांद्याएवढी. पण हाक अशी मारायची की पलीकडच्या मैदानावरचे क्रिकेटवाले थबकायचे.

पहिल्या खऱ्या सामन्यात मी माणसं सगळी चुकवली आणि चेंडूही चुकवला. हूल दिली की हात मोकळे सुटायचे, जुन्या सवयीने, आणि चेंडू गवतावर. चेंडू पडला की धाव तिथेच संपते. पुन्हा पुन्हा तेच झालं. कोच रागावला नाही. त्याने चेंडू उचलून माझ्या काखेत कोंबला. "हा घरी ने. ऑफिसला ने. पुढच्या रविवारपर्यंत खाली ठेवायचा नाही. आणि घरच्यांना सांग, दिसेल तिथे हिसकावून घ्यायचा."

घरच्यांना एवढं पुरे होतं. मुलगी दारामागे दबा धरून बसायला लागली. भाजी ढवळताना, फोनवर बोलताना, कुठूनही तिचा हात यायचा. सासूबाईंनी चेंडूला पहिल्या दिवसापासून नारळ म्हणायला सुरुवात केली. "नोकरीच्या शेवटी नारळ देतात," त्या म्हणाल्या, "तुला आधीच दिला." मी डाव्या काखेत नारळ धरून उजव्या हाताने पोळ्या भाजत होते, आणि त्या पोळी लाटता लाटता मधेच लाटण्याने नारळाला ठोसा हाणायच्या. "सुटला! बघ, सुटला! घट्ट धर की गं!" एकदा माझ्या हातून नारळ सुटून थेट कणकेच्या परातीत पडला. त्या दिवशी आम्ही खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर जेवलो.

ऑफिसला जाताना मी चेंडू पोटाशी धरून वरून ओढणी घ्यायचे. एकदा बिशानला गाडीत शिरले, तर एक तरुण लगबगीने उठला आणि त्याने मला गरोदर बायकांसाठी राखीव असलेली जागा दिली. मला कळायला एक क्षण लागला. खोटं कशाला बोलू, मी बसले.

चेंडू हातात टिकायला लागला, तसा दुसरा घोळ पुढे आला. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की तिला मागे फिरता येत नाही. तिला चुकवलं की ती संपली. इथे माणसं वळतात! मी एखादीला चुकवून निवांत व्हायचे आणि तीच गरकन फिरून मागून फीत काढायची. कोच बाजूने ओरडायचा, "ती अजून जिवंत आहे!" हे वाक्य मुलीने घरी आणलं. मी कपडे वाळत घालून दमून सोफ्यावर बसले की ती म्हणायची, "आई, ती अजून जिवंत आहे," आणि भांड्यांकडे बोट दाखवायची.

मला जमायला लागलं ते दुसऱ्या हंगामात. का जमलं ते नेमकं सांगता येत नाही. कोच म्हणायचा, चेंडू मिळाल्यावर अर्धा श्वास थांब, समोरचीचं वजन कोणत्या पायावर आहे ते बघ, मग नीघ. मी थांबायला शिकले. बाकीचं पायांना येत होतंच. प्रत्येक सामन्यात मी रेषा ओलांडत होते, आणि एकदा फेकणारी मला म्हणाली, "आंटी, तुला माहीत आहे ना? एका हंगामात धावून सगळ्यांत जास्त टचडाउन करायचा लीगचा विक्रम आता फार लांब नाही." टचडाउन म्हणजे चेंडूसकट ती रेषा ओलांडणं. मी हसण्यावारी नेलं. घरी जाऊन मात्र नवऱ्याला सांगितलं, आणि त्याने यार्डात सगळ्यांना.

विक्रम होता एका उंच पोलीस अधिकारी बाईचा, आणि आमचा शेवटचा सामना तिच्याच संघाशी होता. तोवर मी तिची बरोबरी केली होती. नवऱ्याला त्या सकाळी यार्डात जहाज आलं म्हणून निघता आलं नाही. पण सासूबाई होत्या, शिऱ्याचा डबा घेऊन. आणि मुलगी होती, न सांगता दोन मैत्रिणींना बरोबर घेऊन आलेली.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला, तोच वीज पडण्याच्या धोक्याचा भोंगा वाजला. इथे भोंगा वाजला की मैदान सोडायचं. दोन्ही संघ एकाच छपराखाली दाटीवाटीने बसले. बाहेर पाऊस कोसळत होता. सासूबाईंनी डबा उघडला आणि आपलातुपला संघ न बघता सगळ्यांच्या हातावर शिरा ठेवायला सुरुवात केली. पोलीसबाईने आणखी मागून घेतला. मग तिने कोचला विचारलं, "तुमचाही कसलातरी विक्रम होता म्हणतात?"

आम्हाला हे नवीन होतं. कोच जरा लाजला. विद्यापीठात असताना एका हंगामात सर्वांत जास्त अंतर धावण्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला होता. त्यावर व्यावसायिक संघाने घेतलं, पण गुडघे फार काळ टिकले नाहीत. मग इंजिनिअरिंगची अर्धवट राहिलेली पदवी पुरी करून तो जहाजांकडे वळला. विक्रम मात्र वर्षानुवर्षं टिकला. शेवटी एक पोरगा अगदी जवळ आला, तेव्हा हा तिकीट काढून स्टेडियममध्ये जाऊन बसला.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"मोडला तेव्हा मी सगळ्यांत आधी उभा राहिलो. शेजारच्याला वाटलं, मी त्याचा बाप. मग मी हात मिळवायला खाली गेलो, तर गार्ड आत सोडेना. मी म्हटलं, अरे, ज्याचा विक्रम मोडला तो मीच. तो म्हणाला, हे सांगणारे तुम्ही आज चौथे."

छपराखाली हशा पिकला. मुलीने सासूबाईंना मराठीत सांगितलं, तशा त्या एकट्याच पुन्हा हसल्या.

"मग भेटलाच नाहीत?"

"भेटलो. त्यांच्या बसपाशी थांबून राहिलो. तो आला, त्याने माझी चाल बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला, सर, गुडघे फार दुखतात का? मी त्याला एक चांगला डॉक्टर सांगितला." कोचने हाताला लागलेलं तूप चाटलं. "विक्रमाबद्दल आम्ही काही बोललोच नाही."

पाऊस थांबला. मैदान निसरडं झालं होतं. आम्ही मागे पडलो होतो आणि जिंकायची आशा फारशी नव्हती. फेकणारीने चेंडू पोटाशी दिला. मी अर्धा श्वास थांबले. समोर एक जण डावीकडे झुकली होती, तिच्या उजवीकडून मी निसटले. पुढची चिखलात घसरली. मग मोकळं मैदान, आणि एका बाजूने ती उंच पोलीसबाई लांब लांब ढांगा टाकत येत होती. मी हूल दिली, ती चुकली. माझ्या कानात कोच ओरडत होता की माझंच मन, कोण जाणे: ती अजून जिवंत आहे! मी खांदे ढिले सोडले नाहीत. मागे धप्पकन आवाज झाला. तिने सूर मारला होता. कमरेला हिसका बसला, आणि मी रेषेपलीकडे होते. दोन्ही फिती जागेवर होत्या.

ती चिखलात बसून आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती. "हातात आली होती," ती म्हणाली, "ओली होती, सटकली लाह!" मग ती उठली, मूठभर चिखल घेतला आणि माझ्या दोन्ही गालांना फासून मला मिठी मारली. मुलगी मैत्रिणींना ओरडून सांगत होती, "दॅट्स माय मदर!"

सामना आम्ही हरलो. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "विक्रम तुझा आणि जिंकले ते? हा कुठला न्याय?" नवऱ्याने यार्डातून फोन केला, आणि आधी विचारलं, पाय शाबूत आहेत ना.

त्यानंतर मी आणखी दोन हंगाम खेळले. मग मांडीचा स्नायू सारखा कुरकुरायला लागला आणि एका सकाळी सरावाला जाताना लक्षात आलं की आज खेळण्यापेक्षा नवीन मुलींना हूल शिकवायला आपण जास्त उत्सुक आहोत. त्या दिवसापासून तेच करते. कोच गुडघे बदलून घ्यायला मायदेशी गेला. आता नव्या गुडघ्यांनी जिने चढतानाचे व्हिडिओ पाठवतो. मुलीने हा खेळ कधीच खेळला नाही. ती वादविवाद स्पर्धांमध्ये भाग घेते आणि घरी त्याचा सराव माझ्यावर करते.

विक्रम गेल्या हंगामात मोडला. आमच्याच संघातल्या, रुग्णालयात नर्स असलेल्या एका फिलिपिनो मुलीने मोडला. मी तिला खो-खोतली साखळी, ती नागमोडी धाव, शिकवली होती, तरी तिची पळायची तऱ्हा पूर्ण वेगळी आहे. ती हूल देतच नाही, नुसती वाऱ्यासारखी जाते. तिने रेषा ओलांडली तेव्हा मी मनातल्या मनात आकडा पुन्हा एकदा मोजून बघितला. खरं तेच सांगते. पण तोवर मी धावत तिच्यापर्यंत पोहोचले होते आणि मला कुणी अडवलंही नाही.

मग आम्ही सगळ्या हॉकर सेंटरला गेलो. सासूबाई कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पीत होत्या. त्यांनी त्या मुलीला जवळ बसवलं, तिच्या पोटऱ्या चाचपून बघितल्या, आणि मला म्हणाल्या, "हिला विचार, जेवते काय ही." मी विचारलं. ती म्हणाली, मिळेल ते. सासूबाईंनी आपला नारळाच्या जॅमचा कायाटोस्ट तिच्या बशीत सरकवला आणि दुसरा मागवायला मला पिटाळलं.