थोरल्या आईसाहेबांच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या शिवाजी पेठेतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर एक जुनं चित्र आहे. हातभर कागद, त्यावर फिकट लुगड्यातली, लोडाला टेकून बसलेली एक बाई. सासऱ्यांचं घराणं दरबारातल्या सरदारांचं. त्या सरदारकीतलं आता काय उरलंय, तर हे चित्र आणि सासऱ्यांच्या मिशा. चित्रातल्या बाईंना घरात थोरल्या आईसाहेब म्हणतात. दर शुक्रवारी सासूबाई त्यांच्या कपाळाला कुंकू लावतात, तेही थेट कागदावर. काच केव्हाच फुटली, नवी त्यांनी बसवू दिली नाही. त्यांच्या आधीच्या सुनांनीही असंच लावलेलं, त्यामुळे कपाळावर लाल खपली धरली आहे.

माझा नवरा गेला त्या वर्षी सासऱ्यांनी या चित्राचा ध्यास घेतला. मुलगा गेल्यावर माणूस काहीतरी धरून बसतो, त्यांनी हे धरलं. चित्र कुणी काढलं हे एकदा पक्कं व्हावं, ते प्रदर्शनात मांडलं जावं, खाली घराण्याचं नाव लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला काहीच नको होतं. कुकर लावायचे, कपडे वाळत घालायचे, गार झालेला चहा तसाच प्यायचे. फुटबॉलच्या मॅचला गोल झाला की अख्खी पेठ ओरडायची आणि मी भांडी घासत राहायचे. आत काही म्हणता काही हलत नव्हतं.

मग जुन्या चित्रांचे एक जाणकार आले. भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. काम अठराव्या शतकातलं, दरबारी, म्हणाले. लुगड्याच्या चुण्यांवरून एका नामांकित चित्रकाराचा हात वाटतो. पण तो दरबारात आला तेव्हा या बाईंचे पती वारले होते आणि जहागिरीचा कारभार बाईच बघत होत्या. म्हणजे चित्र त्याचं असेल तर मूळचं कपाळ मोकळं असणार. खाली रंगवलेलं कुंकू निघालं, तर चित्र आधीचं, दुसऱ्या कुणाचं तरी.

"वरचा थर पुसला की लगेच कळेल," ते म्हणाले.

"पुसा की, पावणं," सासरे म्हणाले.

वाटीत पाणी आणायला मलाच सांगितलं. मी आणून ठेवलं. जाणकारांनी काडीला कापूस गुंडाळला.

"थांबा." सासूबाई उठल्या. "पुसायचं न्हाय."

"अगं, नुसता कापूस फिरवायचा हाय. चित्राला काय दुखतंय?"

"पोरीला तरी दुखतंय का म्हणून कुणी इचारलं हुतं?"

नवऱ्याला नेलं त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. पुसणारीचा पदर खरखरीत होता, एवढंच मला आठवतं.

"ह्या घरात एकदा पुसलंय, माझ्या डोळ्यांदेखत," सासूबाई म्हणाल्या. "मी गप बसले. आता न्हाय बसायची."

सासरे मिशीवरून हात फिरवत राहिले. शेवटी त्यांनीच वाटीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. जाणकार भले गृहस्थ. त्यांनी कापूस खिशात ठेवला आणि लिहून दिलं: दरबारी चित्र, अठरावं शतक, चित्रकार अनिश्चित. प्रदर्शनाचं तिथंच बारगळलं.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी करंडा आणला. वार शुक्रवार नव्हता. त्यांनी थोरल्या आईसाहेबांना कुंकू लावलं आणि तेच बोट घेऊन माझ्यासमोर आल्या.

"लावू?"

मी कपाळ पुढं केलं नाही. मागंही घेतलं नाही.

"आज नको, आत्या," मी सासूबाईंना म्हणाले.

"बरं. तू म्हणशील तवा." त्यांनी बोट पदराला पुसलं आणि करंडा टीव्हीशेजारी, माझ्या हाताला येईल असा ठेवला.

त्यांनी मला विचारलं होतं. एवढ्यानंच मला रडू कोसळलं, आणि ते काही केल्या थांबेना.