मी फक्त ‘येते’ म्हणाले होते

देवावर माझा विश्वास लहानपणापासूनचा, पण घरचा कारभार मी कधी त्याच्यावर सोपवला नाही. पूजा त्याची आणि व्यवहार माझा, अशी आमची वाटणीच होती. यजमान गेल्यावर न्यू जर्सीत, आयसेलिनला, मी अकरा वर्षं एकटीनं काढली. साड्यांना फॉल-पिको केले, ब्लाउज शिवले. भाड्याचा जो भाग मला झेपत नव्हता तो सरकारी मदतीतून भरला जायचा. त्या मदतीचे अर्ज, दरवर्षीची घराची तपासणी, सह्या, शिक्के, सगळं मी स्वतः निस्तरलं. माझ्या फायलीत कधी एक कागद कमी निघाला नाही, आणि याचा मला चांगलाच तोरा होता. त्यामुळे गेल्या वर्षी जो घोटाळा झाला तो माझ्याच तोंडून झाला, हे पचायला मला वेळ लागला.

डाव्या डोळ्याची नजर अधू होत गेली आणि सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरीणबाईंनी माझं गाडी चालवणं बंद केलं आणि जवळ कुणीतरी असू द्या म्हणाल्या. मुलगी व्हर्जिनियात, हर्नडनला. ती आणि जावई म्हणत होती, इथेच राहा. दोघंही जीव लावणारी आहेत, तक्रारीला जागा नाही. पण घर दोन खोल्यांचं. मला माझं दार हवं होतं, माझा देव्हारा हवा होता, आणि सकाळी पाचला घंटा वाजवली तरी कुणाची झोपमोड होणार नाही एवढी जागा हवी होती. त्यात एक गोष्ट माझ्या बाजूची होती. ही भाड्याची मदत घराला चिकटलेली नसते, ती माणसाबरोबर जाते. जुन्या गावच्या ऑफिसनं नव्या गावच्या ऑफिसला कागद पाठवायचे आणि आपण ठरलेल्या मुदतीत घर शोधायचं. ऑफिसातले लोक याला पोर्ट करणं म्हणतात, आपण मोबाइलचा नंबर करतो तसं. मुदत उलटली तर मात्र मदत जाते आणि पुन्हा यादीत नाव लागायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं माझ्या हातात होती असं मला वाटत नव्हतं.

निघायच्या आठवड्यात मी जुन्या ऑफिसात शेवटची गेले. माझी फाइल सांभाळणारी मिस कॅरल नावाची उंच, मोजकं बोलणारी बाई होती. तिनं अर्ज घेतला, मुदतीचा कागद माझ्या हातात दिला आणि हसून विचारलं, “सो, यू आर लीव्हिंग अस?” आता निघताना ‘हो, जाते’ कसं म्हणणार? लहानपणी मी चुकून कधी ‘जाते’ म्हणाले तर आई फाटकापासून परत बोलवायची आणि ‘येते म्हण’ म्हणून पुन्हा पाठवायची. पन्नास वर्षांची ती सवय इंग्रजीतही सुटली नाही. मी म्हणाले, “नो, नो. आय विल कम.” तिनं विचारलं, “यू आर कमिंग बॅक?” मी आणखी प्रेमानं मान हलवली. “येस, येस. आय विल कम.” तिनं फायलीवर काहीतरी लिहिलं आणि ती बाजूला ठेवली. छान निरोप झाला, असं मनाशी म्हणत मी बाहेर पडले.

घर सोडायच्या सकाळी देवांवर अक्षता वाहिल्या. बाकीचे देव डब्यात बांधले, पण कुलदेवी जोगेश्वरीचा चांदीचा टाक सामानात टाकवेना. तो एका छोट्या डबीत ठेवून पर्समध्ये घेतला. तिला म्हटलं, ‘आई, तू पुढे हो. मी येते.’

हर्नडनला दोन आठवड्यांत घर मिळालंसुद्धा. तळमजला, बसचा थांबा समोर, मुलगी दहा मिनिटांवर. घरमालक कोरियन आजोबा, मदतीच्या कागदांना तयार. शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाले. आणि इथल्या ऑफिसनं मात्र सांगितलं, तुमचे कागदच आलेले नाहीत. न्यू जर्सीला फोन लावला की टेप वाजायची. निरोप ठेवले, मुलीनं ईमेल केले, उत्तर नाही. मुदतीचे नऊ दिवस उरले. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, “आई, तू अर्ज नक्की सबमिट केला होतास ना?” तिच्या आवाजात राग नव्हता, पण ते वाक्य मला फार लागलं. त्याहून लागलं ते नातीचं. अकरा वर्षांची पोर, आपल्या खोलीतली खेळणी आवरत म्हणाली, “आजी, यू कॅन हॅव द विंडो साइड.” मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

बुधवारी सकाळी कुणाला न सांगता बसनं इथल्या ऑफिसात गेले. नंबर घेतला, खुर्चीत बसले आणि पर्समधल्या डबीवर हात ठेवला. मी देवीशी बोलते ते भांडल्यासारखंच, पण त्या दिवशी भांडायचंही बळ नव्हतं. मनात एवढंच आलं, ‘आई, मला जमत नाहीये. तू बघ.’ हे वाक्य मी आयुष्यात माणसाला म्हटलं नव्हतं, देवाला तर नाहीच. म्हणून झाल्यावर लाज वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं.

नंबर पुकारला. खिडकीत तिशीतली, आखूड केसांची मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, पण ती अक्षरं मला दिसत नव्हती. इंग्रजी अगदी इथलं. तिनं माझं सगळं ऐकलं आणि न्यू जर्सीच्या ऑफिसला त्यांच्या आतल्या नंबरवर फोन लावला. फोनवर मिस कॅरलच आली. बराच वेळ ही नुसती ऐकत होती. मग म्हणाली, “शी सेड व्हॉट?” आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्ही निघताना ‘येते’ म्हणालात का?”

मी मान हलवली. तिनं फोनवर समजावून सांगितलं की या बाई परत येणार नव्हत्या, यांच्या भाषेत निरोप असाच घेतात, जाते म्हणत नाहीत. तेव्हा मला कळलं की माझ्या फायलीवर ‘परत येणार आहे, तोवर थांबणे’ अशी नोंद होती आणि मिस कॅरल इमानदारीनं माझी वाट बघत होती. मी तिथेच बसलेली असताना कागद आले. “माझं मराठी एवढंच आहे, काकू,” ती मुलगी प्रिंट काढता काढता म्हणाली. “आजी नाशिकची. शी नेव्हर सेड गुडबाय. एअरपोर्टवर पण ओन्ली ‘येते’.” कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “लास्ट टाइम पण.”

पुढचं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी मुलाखत, नवी मुदत, घराची तपासणी, आणि तीन आठवड्यांत किल्ली. मुलगी म्हणते, आई, को-इन्सिडन्स. असेल. त्या दिवशी चार खिडक्या चालू होत्या आणि माझा नंबर तिच्या खिडकीवर लागला, एवढंच मला माहीत आहे. नव्या घरात देव्हारा मांडताना टाक डबीतून काढला, तेव्हा आठवलं की मीच तिला ‘तू पुढे हो’ म्हटलं होतं. ती पुढे गेली होती. मागे राहून नको तितकी धडपड मी करत होते.

या वसंतात मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला आयसेलिनला गेले, तेव्हा बेसनाचे लाडू घेऊन मिस कॅरलच्या खिडकीवर उभी राहिले. मला बघून तिचा चेहरा पडला. “इज समथिंग राँग?”

“नो,” मी म्हणाले. “आय सेड आय विल कम. सो, आय केम.”

क्षणभर तिला उमजलं नाही. मग ती इतकी हसली की शेजारच्या खिडकीतले लोक वळून बघायला लागले. लाडू घेता येत नाहीत, नियम आहे, म्हणाली. पण काचेमागून उठून ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि तिनं तो शब्द विचारला. मी सांगितला. तिनं दोनदा म्हणून पाहिला, दुसऱ्यांदा बरा जमला.

आता रोज घराबाहेर पडताना मी देवीपुढे उभी राहते. डोळा आणखी थोडा मंदावलाय, रस्ता ओलांडताना गाड्या जवळ आल्यावरच दिसतात. पूर्वी मी मनात सगळा हिशोब करून निघत असे. आता तिला ‘येते’ एवढंच म्हणते, आणि परत आणायचं काम तिच्यावर सोडते.