मानेवरचा काळा डाग

तिचं नाव मी विचारलं नाही, तिचे हात मात्र लक्षात आहेत. वाटूर फाट्यावर गवताचा भारा खाली टेकवून ती गाडीची वाट पाहत उभी होती. मी मोटारसायकलवरून खोकं उतरवलं आणि आतला तपकिरी ससा दाखवत म्हणालो, "रस्त्यात सापडला. रानातला दिसतो, इथं शेतात सोडून देतो."

तिनं विळा भाऱ्यात खोचला, हात पदराला पुसले आणि ससा असा उचलला, की त्याला घाबरायला वेळच मिळाला नाही. मानेवरचे केस उलटे फिरवून तिनं पाहिलं. "रानातल्याच्या मानंवर काळा डाग ऱ्हातो. ह्याला न्हाई." मग पंजा दाबला. "नख्या बघा किती वाढल्या. ढेकळातून पळणाऱ्याच्या झिजून जातात. हा घरचा हाय, भाऊ."

"मग कुणाचा तरी सुटला असेल," मी म्हणालो.

तिनं ससा जमिनीवर ठेवला. समोर मोकळं रान होतं. तो दोन उड्या मारून माझ्या बुटापाशी आला आणि नाडी कुरतडू लागला. घरी रोज हेच करायचा. मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून त्याचा पिंजरा धुवायचा मला कंटाळा आला होता.

बाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भाऱ्यातलं मूठभर हिरवं गवत काढून तिनं खोक्यात अंथरलं.

"रानातला असता तर आतापर्यंत दिसला नसता," ती म्हणाली. "ह्याला मालक बराबर सापडला. न्या आता घरी."