दुखण्याचा आकडा

शिंपीणबाईंचा स्वभाव मत्सरी होता आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. लग्न झालं तेव्हा त्या सासूवर जळल्या. मग शेजारणीवर जळल्या, कारण नवऱ्याने एकदा तिच्या चहाला छान म्हटलं होतं. त्या दिवसापासून शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची म्हटली तरी बाईंचा पाय उचलत नसे. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. कुठे कोणी अडकलं की हा निघालाच, तेव्हा त्या लिफ्टवरसुद्धा जळल्या. पण नवरा सरळमार्गी निघाल्यामुळे एक्केचाळीस वर्षांचा हा सगळा मत्सर फुकट गेला. आता तो अंथरुणाला खिळला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि तेव्हा कुठे बाईंना खरीखुरी सवत मिळाली.

ती म्हणजे हॉस्पिसमधली सिस्टर. पन्नाशीची, अंगाने भरलेली, हसायला लागली की तिसऱ्या खोलीत ऐकू जायचं. ती मेकॅनिकला 'काका' म्हणायची, त्याची दाढी करायची, आणि दाढी करता करता त्याला हसवायची. घरी हा माणूस हसायचा तो पेपर वाचताना, तेही पेपराआड.

हॉस्पिस एका धर्मादाय संस्थेचं होतं. बारा खोल्या, मागे छोटी बाग. तिथे कोणाला बरं करायला आणत नसत. आता बरं होणार नाही हे कळल्यावर आणत, आणि दुखू द्यायचं नाही एवढंच काम मन लावून करत. बिल नावाचा कागद कोणाला दाखवत नसत. सरकारकडून मिळतं त्यात वर्षाचे तीन महिने निघतात, असं मॅनेजर सांगायचे. बाकीचे नऊ महिने लोकांच्या जिवावर. कोणी दरमहा थोडं पाठवतं, कोणी मृत्युपत्रात लिहून ठेवतं, आणि उरलेला भार संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानावर.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बाई अकरा वर्षं बसत होत्या. लोक पोती आणून टाकत. पुष्कळदा गेलेल्या माणसाचं अख्खं कपाटच यायचं. बाई गुंडी लावत, अस्तर टाचत, उसवलेलं शिवत, मग तो कपडा पुढे विकायला जायचा. इतके कपडे हाताखालून गेले होते की शर्ट पाहून त्या माणूस सांगत. कोपर झिजलेलं असलं तर टेबलावर काम करणारा, एकाच खांद्याची शिवण गेलेली असली तर ओझं वाहणारा. त्यांचं सहसा चुकत नसे.

नवऱ्याला चार नंबरच्या खोलीत आणलं त्या दिवशी बाईंना अभिमान वाटला. आपल्या सुईवर चालतंय की हे सगळं! चौथ्या दिवशी तोच हिशेब उलटा फिरला. म्हणजे या बयेचा पगारही आपल्याच सुईतून निघतो. आपणच पोसायचं आणि आपल्याच उरावर बसवून घ्यायचं!

आगीत तेल ओतलं ते एका कागदाने. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवलेला असे. दर चार तासांनी माणसाला विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? सांगेल तो आकडा लिहायचा. दिवसा घरचं कोणी बसलेलं असलं तर त्यांनी लिहिलं तरी चाले. सिस्टरने पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता, "काकू, दुखणं ज्याचं, आकडा त्याचा. आपण वाद घालायचा नाही."

बाईंनी विचारलं की तो म्हणायचा दोन. फार तर तीन. आणि सिस्टरच्या अक्षरात सात, आठ, सात.

आधी बाईंना वाटलं, ही मनाने लिहिते. म्हणून एकदा त्या दाराबाहेर थांबल्या. आत नवरा सांगत होता, "आठ आहे सिस्टर. कमरेत कोणीतरी पाना फिरवतंय, आणि आटा संपला तरी थांबत नाहीये."

एवढं लांबलचक वाक्य तो आपल्याशी कधी बोलला होता? एकदा हात मोडला होता, तेव्हा प्लास्टर घालून घरी आला आणि म्हणाला, "जरा लागलंय." दाराशी उभ्या बाईंच्या कानांवर 'आठ' हा आकडा पडला, पण मनापर्यंत पोचला नाही. मनात एकच गोष्ट घुसली: तिला सांगितलं. मला नाही, तिला.

मग त्यांनी स्वतःची समजूतही घालून घेतली. पुरुषाची जात! चार गोड शब्द बोलणारी भेटली की कण्हायला लागतात. दुखतंय दोनच. वरचे सहा लाडाचे.

गुरुवारी डॉक्टर आल्या. तक्ता पाहून म्हणाल्या, "आकडे चढताहेत. मॉर्फिन वाढवू या."

"वाढवू नका," बाई ताडकन बोलल्या. "सिस्टर दिसल्या की लाडात येतात हे. एक्केचाळीस वर्षं ओळखते मी. दोन आहे."

डॉक्टरांनी मेकॅनिकलाच विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"दोन," तो म्हणाला. "दोनच."

"काका, सकाळी तर तुम्ही..." सिस्टर म्हणाली.

"सकाळचं सकाळी गेलं."

"बरं, शनिवारी पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाल्या. "मधे लागलंच तर ज्यादा डोस लिहून ठेवलाय. फक्त सांगायचं."

बाई जिंकल्या. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता, म्हणून बाईंना जास्तच राग आला.

शुक्रवारी सिस्टरची सुट्टी. बाईंनी दुकानाला दांडी मारली आणि सकाळीच येऊन खाटेच्या डाव्या बाजूला ठाण मांडलं. दाढी स्वतः केली. हनुवटीला जरा कापलं, पण आपल्या हाताने कापलं! मग त्याचा डावा हात हातात घेऊन बसल्या. हात कसा सैल, निवांत. आठ वाजता विचारलं, तो म्हणाला दोन. बाराला विचारलं, दोन. बाईंनी दोनचे आकडे चांगले ठसठशीत काढले. बदलीची नर्स डोकावली, तक्ता पाहून समाधानाने पुढच्या खोलीत गेली.

दुपारी पांघरूण सारखं करायला बाई पलीकडच्या बाजूला गेल्या. चादरीची उजवी कड वीतभर उसवलेली होती. सवयीने त्यांनी ती बोटांत धरली आणि हात तिथेच थांबला. धुऊन धुऊन उसवलं तर दोरा सुटतो, कापड शाबूत राहतं. इथे कापडच फाटलं होतं. चार ठिकाणी ताणून विरलेलं, पाचवं भोक खाली. बाईंनी त्यात आपली बोटं घालून पाहिली. मूठ होती ती. चादर सकाळी त्यांच्यासमोरच बदललेली होती.

डावा हात सैल बाईंच्या हातात, आणि पांघरुणाखाली उजवा हात हे करत होता.

"अहो," बाईंचा आवाज चिरका झाला, "माझ्याशी खोटं आणि तिच्याशी खरं? काय वाईट केलं मी तुमचं?"

मेकॅनिकने मान बायकोकडे वळवली. मग म्हणाला, "तिला आठ सांगितलं तर ती औषध आणते. तुला आठ सांगितलं तर तू जेवत नाहीस."

बाईंनी फाटकी कड हातातून सोडली.

"हात मोडला तेव्हा चार दिवस पाण्यावर काढलेस," तो म्हणाला. "तेव्हापासून तुला कमीच सांगतो."

"आता किती आहे?"

"राहू दे गं."

"किती?"

"नऊ."

सिस्टरला आठ, आपल्याला नऊ! मेलं मन तेवढ्यातही मोजायला गेलं. त्या एका क्षणाची बाईंना पुढे जन्मभर लाज वाटली. पण तेव्हा लाजायलाही वेळ नव्हता. त्या पदर सावरत बाहेर धावल्या आणि बदलीच्या नर्सचा दंडच धरला. "नऊ आहे. काल डोस मी वाढवू दिला नाही, मी. ते दोनचे आकडे खोटे आहेत सगळे. चला आधी!"

नर्सने ज्यादा डोस दिला, डॉक्टरांना फोन लावला. बाईंनी तक्त्यावरच्या दोन्ही दोनांवर काट मारली आणि खाली नऊ लिहिला.

थोड्या वेळाने जेवणाची गाडी आली. सोबतच्या माणसालाही तिथे ताट मिळायचं. गाडीवाली सवयीने पुढे निघाली होती, कारण चार नंबरचं ताट रोज भरलेलंच परत जायचं.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या.

ताट मांडीवर घेऊन त्या नवऱ्यासमोर बसल्या. पहिला घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला, दुसरा घेतला. मेकॅनिक एकटक बघत होता, जेवतेय की नुसतं चिवडतेय याची खात्री करत. अर्धं ताट संपलं तेव्हा त्याची उजवी मूठ सुटली.

"पाच," तो न विचारता म्हणाला.

बाईंनी भरल्या तोंडानेच मान हलवली आणि पुढचा घास घेतला.